पहिल्या रांगेतलं पुनरागमन

२ जून, सकाळी
क्लबच्या कोचचा फोन आला. मी रग्बी खेळायचो तेव्हा हा राखीव बाकावर बसायचा. म्हणाला, दादा, पोरांच्या सरावाला तुम्ही हवेच. मग वजन विचारलं. मी दहा किलो कमी सांगितलं, तरी हिरमुसला. वजन विचारतात ते खेळाडूचं, पाहुण्याचं नाही. मी परत खेळणार!
आंतरराष्ट्रीय सामना एकच खेळलो, तोही शेवटची चार मिनिटं. पण स्क्रमच्या, म्हणजे आठ विरुद्ध आठ जणांच्या रेटारेटीच्या, पहिल्या रांगेत. हरलो ते आधीच्या शहात्तर मिनिटांमुळे.
निश्चय: रोज पळणे. लोणी, केक बंद.

३ जून
पळालो. कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत. गुडघा कुरकुरला. बेकरीवाल्याने खुर्ची दिली. नुसतं कसं बसणार? दोन पेस्ट्र्या घेतल्या. उद्यापासून दुसरा रस्ता.

५ जून
दुसऱ्या रस्त्यालाही बेकरी आहे.

६ जून
जुनी जर्सी घातली. डोकं गेलं, हात गेले, पुढे काही जाईना. कापड आटतंच. बायकोने कात्रीने सोडवलं. या वयात शोभतं का, म्हणाली. तिला खेळातलं काय कळतं.

८ जून
वजनकाटा बिघडलाय. तीन किलो जास्त दाखवतो.

१० जून
उद्या सराव. बायको सोबत येणार म्हणते, घरी आणायला कुणीतरी हवं म्हणून. खरं सांगायचं तर धाकधूक होतेय. कोचने परत पाठवलं तर? इतक्या वर्षांत मला मैदानावर कुणी बोलावलंच नव्हतं.

११ जून
कोच मला पाहून जाम खूश. "दादा, फोनवर वाटलं, तुम्ही वाळलात की काय!"
मग मला एका लोखंडी गाडीवर बसवलं. पोरं स्क्रमच्या सरावाला ती ढकलतात, वर वजन लागतं. वाळूची पोती फाटली होती म्हणे. म्हणजे पहिल्या रांगेच्याही पुढे मीच!
पोरं मला खिदळत मैदानभर फिरवत होती. शेवटी बायकोही चढून बसली. तिने असा काही आवाज चढवला की आठही पाठी ताठ झाल्या आणि गाडी सुसाट थेट कुंपणात. ती हसून हसून लाल. मीही. कित्येक वर्षांत इतकी मजा आली नव्हती.

१२ जून, दुपारी
अंग ठणकतंय, मन हवेत. आता कायमचं पद मिळणार. माझ्या अटी तयार आहेत: शिट्टी, टोपी, स्वतःची खुर्ची.

संध्याकाळी
कोचचा फोन. पहिल्याच रिंगला उचलला. म्हणाला, दादा, पोती शिवून आली, तुम्ही आता आराम करा. फोन जरा वहिनींना द्या, पुढच्या सरावाला पोरांना त्यांचा आवाज हवाय.