झीरिकझे बंदरातल्या होडीबाबत

मी, इरावती दामोदर भोईर, वय एकतीस, मूळ गाव रेवदंडा, जिल्हा रायगड, सध्या राहणार झीरिकझे, नेदरलँड्स, हे स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे आणि प्रकृती चांगली आहे. हे नुसते पद्धत म्हणून लिहू नये, म्हणून मी मंगळवारी हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरांकडे, जाऊन आले. त्यांनी विचारले, काय होतंय? मी म्हटले, काहीच नाही, तेवढं लिहून द्या. असे दाखले इथले डॉक्टर देत नाहीत, असे कळले. तेव्हा माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा. कोणीही माझ्यावर दबाव आणलेला नाही. अंबरीशने आणला होता, पण मी त्याला बळी पडलेले नाही.

या देशात मृत्युपत्र नोटरीपुढे करावे लागते. ते डच भाषेत झालेले आहे आणि नोटरीच्या कपाटात आहे. वाद झाल्यास तेच खरे धरावे. ही मराठी प्रत आई, बाबा, धाकटा भाऊ अंबरीश आणि लीलाआत्या यांच्यासाठी आहे, कारण तिकडच्या कागदात कारणे लिहायला जागा नव्हती.

मला कसलाही आजार नाही. पण या मोसमापासून पाहुण्यांना मासेमारीला नेणारी होडी माझ्या एकटीच्या नावावर झाली, आणि मी अविवाहित आहे. मृत्युपत्राशिवाय मला काही झाले तर कायद्याने सगळे आई, बाबा आणि अंबरीश यांच्यात वाटले जाईल. होडी वाटता येत नाही. ती विकली जाईल. आमच्या घरातली एक होडी अशी एकदा विकली गेलेली आहे. दुसरी जाऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

एक. माझ्या मालकीचे घर नाही. खोल्या भाड्याच्या आहेत आणि घरमालकिणीच्या पडद्यांवर मी येण्याआधीपासूनच डाग आहेत. त्याचा फोटो कपाटात उजवीकडच्या पाकिटात आहे. बँकेतली शिल्लक आई आणि बाबांना समान मिळावी. बाबांनी त्यातून पुन्हा कपाटभर संदर्भग्रंथ घेऊ नयेत, अशी आईची इच्छा आहे. मी ती फक्त पोचवते आहे.

दोन. माझी डेल्फ्टची पदवी, प्रबंध आणि भरती-ओहोटीवरची सगळी पुस्तके बाबांना द्यावीत. बाबा शाळेत गणित शिकवायचे. मुलीने पाण्याचे शिक्षण घ्यावे, पण कोरड्या जागी बसून, असे त्यांचे मत होते. मी सहा वर्षे डेल्फ्टच्या एका संस्थेत संगणकावर खाड्यांचे पाणी चढवण्या-उतरवण्याचे काम केले. बाबा, ते कामही मनापासून केले. पण शनिवार-रविवार मी इथे येत होते हे तुम्हाला सांगितले नाही. "वीकएंडला काय करतेस?" असे तुम्ही विचारायचात आणि मी "फिरते" म्हणायचे. फिरणे पाण्यावर होते. ही एक लपवाछपवी माझ्या नावावर आहे, ती इथे कबूल करते.

तीन. सायकल अंबरीशला. तो कधी आलाच तर. अंबरीश, "ताई, ती होडी विक आणि पुण्यात फ्लॅट बुक कर" असे तू मला तीनदा म्हणालास. तारखा माझ्याकडे आहेत. त्या दाखवणार नाही. तू वाईट नाहीस, तुला फक्त समुद्र लागतो. डेक्कनवरच्या हॉटेलात माशाचा वास आला तरी तुला मळमळते. असा माणूस होडीचा वारस असू नये, यात तुझा अपमान नाही.

चार. सोन्याची साखळी आणि दोन बांगड्या आईला. मोत्याची कुडी चित्रामावशीची आहे. २००१ मधल्या एका लग्नात घालायला घेतली होती, परत करायची राहिली. ती तिला द्यावी आणि माझ्या वतीने क्षमा मागावी.

पाच. मधूकाका, म्हणजे बाबांचे आणि लीलाआत्याचे धाकटे भाऊ, यांना मी काही देत नाही. का, ते लिहिणे भाग आहे, नाहीतर विसरून राहिले असे वाटेल.

लीलाआत्याने लग्न केले नाही. रेवदंड्याच्या खाडीत तिची होडी होती. मुंबईचे हौशी लोक गळाने जिताडा धरायला यायचे, आणि त्यांना जागा दाखवायचे काम ती करायची. साहेब लोक होडीत बसून विचारायचे, "गाईड कुठाय?" आत्या वल्हे हातात घेऊन म्हणायची, "येतोय मागून पोहत." मी सात वर्षांची असल्यापासून तिच्या होडीत पुढे बसले. गाठी मारणे, वाऱ्याचा अंदाज, गरीला कोळंबी लावणे, आणि मुख्य म्हणजे तिथीचे गणित, हे सगळे मी तिच्याकडे शिकले. तिथीला तीनाने गुणायचे, चाराने भागायचे, की भरतीची वेळ येते. माझी पहिली शाळा ती. बाबांची दुसरी.

त्या होडीची नोंदणी मधूकाकांच्या नावावर होती. सरकारी कचेरीत कोण हेलपाटे घालणार, म्हणून त्यांनी स्वतःच्या नावावर करून घेतली होती. १९९३ साली मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा आत्या मला पुण्याच्या होस्टेलवर सोडायला आली. मी रडत होते म्हणून आठ दिवस राहिली. ती परत गेली तेव्हा किनाऱ्यावर होडी नव्हती. मधूकाका म्हणाले, "गिऱ्हाईक चांगलं होतं. तू नव्हतीस ना इथे, विचारणार कोणाला?" मी रडले नसते तर ती दोन दिवसांत परतली असती. हे मी कोणाला बोललेले नाही. आत्याने मला कधी बोलून दाखवले नाही. त्यानंतर तिने दुसऱ्यांच्या होड्यांवर मजुरीने काम केले.

मधूकाकांना माझा नमस्कार सांगावा. तो मनापासून आहे. बाकी काही नाही.

सहा. गळाच्या काठ्या, दोर गुंडाळायची चाके, रबरी पाटलोणी आणि जाळीच्या पिशव्या होडीबरोबरच राहाव्यात. याप, ज्याच्याकडून मी होडी घेतली, त्याला मला त्याची जुनी पितळी कंपासपेटी परत द्यायची होती. पण तो या कागदाचा साक्षीदार आहे आणि साक्षीदाराने काही घेऊ नये. म्हणून पेटी मी त्याला आधीच, सही होण्यापूर्वी, जिवंतपणी देऊन टाकली. तो म्हणाला, "इरा, मरायची घाई आहे का?" मी म्हटले, नियमाची आहे.

सात. आता होडी.

ओस्टरस्खेल्डे ही इथली मोठी खाडी. ओहोटीला तिच्यात वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि मधून पाण्याचे चर वाहतात. त्या चरांत उन्हाळाभर झेबार्स नावाचा मासा येतो. दिसायला आणि स्वभावाने तो आपल्या जिताड्याचा लांबचा चुलतभाऊ वाटतो. यापने तीस वर्षे पाहुण्यांना या माशावर नेले. गेल्या हिवाळ्यात त्याच्या गुडघ्यांनी नकार दिला आणि होडी माझ्याकडे आली. ती माझ्याकडे का आली, हे गेल्या सप्टेंबरातल्या एका दिवसाशिवाय सांगता येत नाही.

त्या दिवशी यापने पहिल्यांदा होडी माझ्या एकटीच्या हाती दिली. पाहुणे दोन, विश्वास आणि राजन, झुइडास या कचेऱ्यांच्या भागातल्या एका बँकेच्या इमारतीत कॉम्प्युटरवर काम करणारे, दोघेही पुण्याचे. महिनाभरात मराठी बोलायला मिळाले नव्हते, त्यामुळे मला जरा चढले होते. भरतीचे छापील पुस्तक यापच्या कोटाच्या खिशात राहिले. एरवी मी परत जाऊन आणले असते. मी सगळे दोनदा तपासते, कुलूप तीनदा. पण विश्वासने विचारले, "मॅडम, वेळापत्रक नाही का तुमच्याकडे?" आणि मी म्हटले, "मला तिथी पुरते."

"म्हणजे आधी नारळ फोडायचा का?" राजन म्हणाला.

द्वितीया होती. दोनाचे पाऊणपट दीड, इकडच्या पाण्यासाठी, घड्याळे उन्हाळी वेळेवर असताना, चार तास मिळवायचे, म्हणजे भरती साडेपाचला आणि ओहोटीचा तळ पावणेबाराला. बारा वाजता पाणी वळले असे धरून मी होडी दोन पट्ट्यांमधल्या चरात घातली. पाणी अजून समुद्राकडे ओढत होते. ते मला दिसत होते. मी डोळ्यांचे ऐकले नाही.

"पाणी येतंय की जातंय?" विश्वासने विचारले.

"येतंय."

होडी वाळूला टेकली. राजन म्हणाला, "फारच हळू येतंय."

मग तोही गप्प झाला. चहूकडे ओली वाळू, आणि मध्ये आम्ही तिघे. मी मोबाइलवरून रेवदंड्याला फोन लावला. यापला लावायला हवा होता. माझे हात आत्याच्याच नंबरावर गेले. होडी वाळूवर बसल्याचे मी तिला सांगितले.

"आज तिथी कुठली?" आत्याने विचारले.

"द्वितीया."

"आणि काल?"

मी पाकिटातले छोटे पंचांग काढले. "कालही द्वितीयाच होती."

"मग? पंचांगात दोन द्वितीया आल्या म्हणून दर्या तोच दिवस परत काढतो का गो? दुसऱ्या दिवशी पाऊण तास पुढे धरायचा. शिकवलं नव्हतं?"

"शिकवलं होतं."

"मग गणित बरोबर आहे. तू चुकलीस. होडी सरळ आहे ना? बरं. माणसं काय करतायत?"

"एक मला बघतोय. एक गप्प बसलाय."

"गप्प बसलाय त्याच्या हातात गळ दे. भ्यायलेल्या माणसाचे हात मोकळे ठेवू नयेत. आता सांग, पाणी कुठल्या बाजूने निघतंय?"

मी सांगत गेले, ती विचारत गेली. छोटे मासे कुठे उडतात, पाण्याचा रंग कुठे बदलतो, वाळूला धार कुठे आहे. मग म्हणाली, "त्या धारेच्या खाली, दोन पाणी भेटतात तिथे उभे राहा. ओहोटी संपताना जिताडा तिथेच तोंड उघडून बसतो."

"आत्या, इथे जिताडा नसतो."

"त्याचं कोणी तरी असेलच."

होडीचा नांगर वाळूत रोवून आम्ही रबरी पाटलोणी चढवून चालत गेलो. पाणी वळून होडी तरंगेपर्यंतच्या दीड तासात राजनला चार आणि विश्वासला तीन झेबार्स लागले. दोन ठेवले, बाकी सोडले. फोन मी खांद्यावर धरून होते. मोठा मासा ओढताना राजन ओरडला तेव्हा पलीकडून आत्याही ओरडली, "ढील दे रे त्याला, ढील!" आणि त्याने दिली.

बंदरावर मी यापला सगळे खरे सांगितले. होडी यापुढे मिळणार नाही, असेच मला वाटले होते. त्याने नकाशा उघडला. त्या जागेवरून तो तीस वर्षे ओहोटीच्या तळाला घाईने निघून जात असे, कारण होडी अडकेल. "ही जागा तुला कोणी सांगितली?"

"माझ्या आत्याने."

"कुठल्या बंदरात असते ती?"

मी सांगितल्यावर तो बराच वेळ हसला. मग त्याने नकाशावर त्या जागेला पेन्सिलीने 'तांते', म्हणजे आत्या, असे नाव लिहिले. विश्वास आणि राजन त्या मोसमात आणखी पाच वेळा आले, इतरांना घेऊन आले, आणि निघण्यापूर्वी दर वेळी विचारत, "आत्यांना फोन केलात का?" केलेला असायचा.

म्हणून मी नोटरीला सांगितले, होडी लीलावती नारायण भोईर यांना. नोटरींनी कागदावरून मान वर केली. "वारस तुमच्यापेक्षा सत्तावीस वर्षांनी मोठ्या आहेत, हे तुमच्या लक्षात आले आहे ना?" आले होते. मला तरीही तसेच हवे होते.

त्यानंतरच्या रविवारी मी आत्याला ते फोनवर सांगितले. मला वाटले, ती रडेल.

"म्हणजे तू मेल्यावर मला होडी मिळणार?"

"हो."

"तोपर्यंत थांबायला मला वेळ नाही. आणि तुझ्या मरणावर टपलेली आत्या व्हायचं मला जमायचं नाही. नको मला."

तिने फोन ठेवला. मी दोन दिवस विचार केला. होडी विकली जाऊ नये म्हणून मी माझ्या मरणानंतरचा बंदोबस्त करत होते. आत्याची होडी विकली गेली तेव्हा कोणीही मेलेले नव्हते.

म्हणून या कलमात बदल करते आहे. होडीचा अर्धा हिस्सा मी मृत्युपत्राने कोणालाही देत नाही, कारण तो आता माझा नाही. आत्या तीन महिन्यांच्या व्हिसावर २५ एप्रिलला इथे आली आणि ५ मे रोजी तो तिच्या नावावर झाला. त्या हस्तांतराच्या कागदाचा मराठी तर्जुमा मी केला होता. आत्या म्हणाली, तर्जुमा करणारी आणि देणारी एकच, हे बरोबर नाही. मग विश्वास सुट्टी काढून आला आणि त्याने डच आणि मराठी दोन्ही ओळीने ताडून तिला वाचून दाखवले. सबंध दुपार गेली. "अर्धा म्हणजे कुठला अर्धा?" तिने मध्येच विचारले. "इंजिन मागच्या अर्ध्यात आहे म्हणून विचारते." नोटरींना भाषांतर करून सांगितल्यावर त्यांनी तेही समजावून दिले.

माझा उरलेला अर्धा हिस्सा माझ्या पश्चात आत्याला. ती माझ्याआधी गेली तर तिचा हिस्सा कोणाला, हे ती ठरवेल. मी विचारलेले नाही.

त्या दिवशी नोटरींपुढे सही करण्यापूर्वी तिने पेन हातात धरून शेवटचे विचारले, "आता मला विचारल्याशिवाय ही कोणाला विकता येणार नाही?"

"नाही."

"तुलाही?"

"मलाही नाही, आत्या."

मग तिने पूर्ण नाव लिहिले, कुठेही न थांबता.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, दोनदा वाचला आणि मान्य केला.

इरावती दामोदर भोईर

साक्षीदार:
१. याप, या होडीचे पूर्वीचे मालक. मजकूर मराठीत असल्यामुळे त्यांना तोंडी समजावून सांगितला. त्यांनी फक्त सातवे कलम पुन्हा ऐकायला मागितले.
२. विश्वास, राहणार उइटहॉर्न. यांनी सर्व वाचले आणि राजनच्या माशांचा आकडा तीन असल्याची हरकत नोंदवली. ती फेटाळली आहे.

लीलावती नारायण भोईर लाभार्थी असल्यामुळे साक्षीदार नाहीत. या कागदावर सही होताना त्या बाहेर होडी धूत होत्या.

स्थळ: झीरिकझे
दिनांक: रविवार, १४ मे २००६