ब्रेक दाबला की थरथरणारी गाडी आणि तुमचे दादा

अंबरनाथ पश्चिम,
११ नोव्हेंबर २००७

प्रिय कमळाकर भाऊजी यांस,

यशोधरावहिनीचा सप्रेम जयभीम. तुमची शुगर, भारतीचे गुडघे आणि नाशिकची थंडी ही तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करते. इकडे मी बरी आहे, हेही बरे आहेत. गाडीही आता बरी आहे, आणि ती कशी बरी झाली ते सांगायलाच हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण फोन ह्यांच्या पलंगाशेजारी आहे, आणि ह्यांची वाचा गेली असली तरी कान शाबूत आहेत. (मागच्या वेळी तुम्ही फोनवर गाडी विकून टाका म्हणालात, तेही ह्यांनी ऐकलं. त्या दिवशी जेवले नाहीत. तुमचा आवाज मोठा आहे, भाऊजी.)

फेब्रुवारीतल्या त्या झटक्यानंतर हात-पाय थोडेफार सुधारले ते तुम्ही पाहिलंच आहे. काठी घेऊन चालतात. बोलण्यात मात्र एकच शब्द उरला होता, तो म्हणजे "नको". चहा देऊ का विचारलं की नको, आणि पाच मिनिटांत कप रिकामा. पंखा लावू का, नको, आणि बोट बटणाकडे. डॉक्टर म्हणाले, असं होतं, आत सगळं कळतं, शब्द तेवढा हाताला लागत नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यांचा कुठला नको खरा आणि कुठला हो, हे मला ओळखू येतं. पण घरात दिवसभर एकटीचाच आवाज ऐकायचा म्हणजे, भाऊजी, मी शेवटी कुकरशी बोलायला लागले होते.

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये आठवड्यातून दोनदा व्यायामाला न्यायचं, रिक्षात ह्यांचा पाय दुमडत नाही, म्हणून मी त्रेपन्नाव्या वर्षी गाडी शिकले. (शिकवणाऱ्याने नंतर काही दिवस सुट्टी घेतली, त्याचा माझ्याशी संबंध नाही.) ह्यांनी निवृत्त झाल्यावर हौसेनं घेतलेली ती जुनी पांढरी मारुती. सहा महिने मी ती चालवली आणि गणपतीच्या सुमाराला ती थरथरायला लागली. जोरात असताना ब्रेक दाबला की स्टीअरिंग हातात असं हलायचं, जसं काही गाडीला थंडी वाजून आली आहे. ब्रेक सोडला की शांत. पहिल्यांदा मला वाटलं, माझेच हात कापताहेत. मग वाटलं, मलाही झटका येतोय. दोन आठवडे कोणाला सांगितलं नाही, बी.पी.ची गोळी तेवढी वेळेवर घेतली.

शेवटी एका गॅरेजवाल्याला दाखवलं. त्याने चाकांचं बॅलन्सिंग केलं. काही फरक नाही. दुसऱ्याने टायर पुढचे मागे आणि मागचे पुढे केले; फरक नाही. तिसऱ्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि तुमचाच सल्ला दिला. ह्या सगळ्या वेळी हे पुढच्या सीटवर बसून असायचे आणि नको नको म्हणत राहायचे. मी म्हणायची, हो हो, झालंच, निघू या घरी. ते घरी चला म्हणत नव्हते, हे मला कळलं नाही. एकतीस वर्षांचा गर्व तो.

मग एका शुक्रवारी बदलापूरकडे निघालो होतो, सुंदरामावशीला भेटायला. एमआयडीसीला शुक्रवारची सुट्टी, रस्ता मोकळा. मी ब्रेक दाबला, गाडी थरथरली, आणि ह्यांनी डावा तळवा डॅशबोर्डवर ठेवला, जसा तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा. मग बोटाने खूण केली, पुन्हा. मी पुन्हा वेग घेऊन ब्रेक दाबला. मग ते माझ्या पायाकडे बोट दाखवून नको म्हणाले, वाकले, आणि डाव्या हाताने हँडब्रेक हळूहळू ओढायला लागले. भाऊजी, मी घाबरले. मला वाटलं, डोक्यातच काहीतरी झालं. पण गाडी हळू होत होत थांबली, आणि एवढीसुद्धा थरथरली नाही. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. म्हणजे मागे दोष नाही. हे मला त्या क्षणी कुठे कळायला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओठ दोनदा हलवले आणि म्हणाले,

"डिस्क."

आठ महिन्यांनी दुसरा शब्द. मी म्हटलं, परत बोला. तर म्हणाले, "नको."

सुंदरामावशी राहिली बाजूला, गाडी वळवली ती सरळ कॅम्प चारला, हरिचंद्र मिस्त्रीकडे. हा माणूस ह्यांना ओळखतो. त्याने पुढची चाकं काढली, ह्यांना खुर्ची दिली आणि डिस्क दाखवल्या. ब्रेक दाबल्यावर पॅड ज्या लोखंडी तबकडीला आवळतात, ती डिस्क. दिसायला चकचकीत होत्या. हे म्हणाले तसे आम्ही थांबलो (म्हणजे काही म्हणाले नाहीत, काठी आडवी धरली), आणि मला रिक्षाने घरी पाठवून कपाटातला जाडी मोजायचा मायक्रोमीटर आणवला. बनियनमध्ये गुंडाळून ठेवलेला, ह्यांनी चौतीस वर्षं कारखान्यात लेथवर वापरलेला. उजवा हात चालेना, म्हणून फ्रेम मी धरली, मागची मूठ ह्यांनी डाव्या हाताने फिरवली. एकेका डिस्कवर आठ जागी. आकडा ते बोटाने दाखवायचे, मी औषधाच्या चिठ्ठीमागे लिहायची. जाडी प्रत्येक जागी वेगळी निघाली, केसाच्याही निम्म्याने, पण वेगळी. ब्रेक दाबला की पॅड त्या चढउतारावरून धावायचे आणि थरथर माझ्या हातात यायची. लेथवर घासून सपाट करता आल्या असत्या, पण मग फारच पातळ झाल्या असत्या. ज्याने जन्मभर लेथ चालवला त्यानेच लेथला नकार दिला. नंतर मिस्त्रीने फार अदबीने मला विचारलं, "वहिनी, चालवताना पाय ब्रेकवर ठेवूनच असता का?" मी म्हटलं, मग कुठे ठेवू? डिस्क कशाने तापून तापून बिघडल्या, याचा तपास तिथेच संपला. (हे भारतीला सांगू नका.)

समोरच स्पेअर पार्टचं दुकान. सिंधी शेठ, फार गोड बोलणारे, ह्यांना साईं साईं करत होते. पहिली डिस्क दाखवली, बिनखोक्याची, आरशासारखी. ह्यांनी ती दोरीला टांगायला लावली, किल्लीने टिचकी मारली, कान लावला. नको. दुसरी. नको. शेठना वाटलं भावावरून चाललंय, ते आपणहून खाली उतरत गेले; असा ग्राहक त्यांनी पाहिला नव्हता. तिसरी घंटेसारखी वाजली. ह्यांनी डोळे मिटले. पॅडचंही तसंच. एक फार कडक, वर्षानुवर्षं टिकतील पण डिस्क खाऊन टाकतील, ते बाजूला. दुसरे ह्यांनी नखाने खरवडून पाहिले आणि ठेवून घेतले. मग शेठ म्हणाले, भाभी, डावी बाजूच जास्त खराब आहे ना, एकच बदला, उजवी अजून चालेल. ह्यांनी काउंटरवर हात ठेवला. कपाळाला घाम आला. आम्ही सगळे थांबलो. आणि म्हणाले,

"जोडी."

डिस्क जोडीनेच बदलतात, भाऊजी, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. यात दुसरं काही नाही. पण मला तिथे रडू आलं, आणि शेठनी बिचाऱ्यांनी आणखी भाव उतरवला.

मिस्त्रीने डिस्क बसायची जागा गंज घासून साफ केली, नट समोरासमोरचे आवळले, आणि सांगितलं की नवे पॅड डिस्कवर नीट बसायला मोकळ्या रस्त्यावर दहा वेळा वेग घेऊन हळू ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका. आम्ही वांगणीच्या रस्त्याला गेलो. दुतर्फा भात कापणीला आलेलं. मी पहिला ब्रेक मारला. हात स्थिर. आणि शेजारून आवाज आला, "एक." मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते थांबले असते. दुसरा मारला. "दोन." असे दहापर्यंत मोजले. सात राहिला, सहावरून थेट आठ. मी म्हटलं, एक चुकला, परत मोजा. आणि परत दहा मारले. मग आणखी दहा. पॅड इतके नीट बसले असतील की काय सांगू. एक गुराखी बांधावर उभा राहून पाहत होता, त्याला वाटलं असेल बाई अजून शिकतेय.

तर गाडी विकायची नाही. मोठ्यांना नमस्कार, अस्मिताच्या बाळाला पापा.

तुमची वहिनी,
यशोधरा

ता.क. सात अजून आलेला नाही. डॉक्टर म्हणतात येईल.

ता.क. २. खरं सांगू का, गाडी आता इतकी गुळगुळीत चालते की तीन आठवडे हे खिडकीबाहेर बघत बसतात आणि पुन्हा गप्प आहेत. मी ब्रेकवर पाय ठेवून पाहिला, तर त्यांनी काठीने उचलला.

ता.क. ३. भारतीच्या पत्रात होतं की तुमच्या गाडीत खालून कुठून तरी टक-टक आवाज येतो आणि चार मेकॅनिकना सापडला नाही. कृपा करून तो पाचव्याला दाखवू नका. येत्या रविवारी तशीच गाडी घेऊन या, चार दिवसांचे कपडे आणा. आणि वाटेत आवाज आपोआप बंद झालाच, तर कल्याणला थांबून काहीतरी ढिलं करून घ्या. ब्रेक सोडून काहीही चालेल.