मंत्र्यांची पँट भिजवणाऱ्या यंत्राची व्यवस्था

मी, फोप्पे रीट्समा, निवृत्त सरकारी अर्थतज्ज्ञ, राहणार हेग, कोणाच्याही धाकाला वा भिडेला बळी न पडता, सकाळची कॉफी घेऊन, माझ्या माघारी माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते लिहून ठेवतो. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते हिने, म्हणजे माझ्या बायकोने, सांगितले तसे लिहिले होते आणि ती आता हयात नाही.

१. राहते घर माझी मुलगी हिल्के हिला. जावयाला त्यात ड्रम वाजवण्यास कायमची मनाई.

२. सायकल शेजारच्या डिर्कला. तिची सीट पावसाचे पाणी धरून ठेवते, हे त्याला आधी सांगू नये. त्याच्या मांजराने माझी हेरिंग मासळी खाल्ली आहे.

३. परसातल्या खोपटातले यंत्र. हे मी स्वतः बांधले. त्यात देशाचा पैसा म्हणजे टाक्याटाक्यांतून वाहणारे रंगीत पाणी. कराची किंवा खर्चाची तोटी फिरवली की कुठे काय वाढेल, कुठे आटेल, ते डोळ्यांना दिसते. सरकारने कोणतेही धोरण लोकांवर लादण्याआधी यंत्रावर चालवून पाहावे, एवढाच माझा जन्मभराचा हट्ट.

एकदा एक मंत्री खेड्यांतल्या बस बंद करण्याचा बेत घेऊन आले. माझी बहीण फ्रीसलंड प्रांतातल्या एका खेड्यातून अशाच बसने कामाला जाई. मी म्हटले, "साहेब, बसची तोटी तुमच्याच हाताने बंद करा." त्यांनी केली. दुकानांची टाकी आटली, मागोमाग कराची आटली, आणि बेकारीची टाकी तुडुंब भरून साहेबांच्या पँटवर सांडली.

"अहो, हे काय!"

"बेकारी, साहेब."

"बर्फासारखी गार आहे हो!"

बस वाचल्या. पण माझा सहकारी बेरेंट कॉयपर्स कचेरीभर सांगत सुटला, "फोप्पेचं गणित कसलं जिंकतंय, ओली पँट जिंकली! माणसं काय पाणी आहेत, उतार दिसला की वाहायला?" तेव्हापासून आमचे बोलणे बंद. हिच्या अंत्यविधीनंतर मात्र तो वाटाण्याच्या सुपाचे पातेले घेऊन आला आणि मी जेवेपर्यंत हलला नाही. सबब सदर यंत्र बेरेंटला.

दुरुस्ती: नोटरीबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही. बेरेंट तर सहीसाठीच आला होता. तो म्हणाला, "मग ठेव तुझं यंत्र. मला सहीच करायचीय." सबब यंत्रही हिल्केला. बेरेंटला खोपटात येऊन यंत्राशी भांडण्याची मुभा राहील.

हेग, ९ मार्च १९९८
सही: फोप्पे रीट्समा

साक्षीदार:
आन्के फिसर
बेरेंट कॉयपर्स (माझ्यासमक्ष सही केली. पूर्ण शुद्धीवर आहे. गणित तरीही चूक.)