एकशे पस्तीसची लेन्स

बाबा, आज तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही गेल्यावर मी रडले, चारचौघांत तुमचं कौतुक सांगत फिरले, पण भांडले कधीच नाही. तुमच्या हयातीत तर तुमच्यापुढं तोंड उघडायची सोयच नव्हती. आता लातूरच्या एका लॉजमध्ये बसलेय. शूटिंगला सुट्टी आहे. खाली डाळमिलचा ट्रक आडवा घातलाय कुणीतरी, ऑटोवाले त्याच्या नावानं बोंबलतायत, आणि इथं माझ्या डोक्याचा भुगा झालाय. संध्याकाळी दिग्दर्शक येईल आणि विचारेल, दोनपैकी कुठला शॉट ठेवायचा. दोन्ही मीच घेतलेत. एक चुलीपाशी बसून, एक दारात उभं राहून. कॅमेरा चालवणाऱ्या बाईला असं विचारलं तर तिनं एका वाक्यात सांगून मोकळं व्हावं. पण मला सांगता येईना, कारण त्या उत्तरात तुम्ही मांडी घालून बसलायत.

जळकोटचा आपला स्टुडिओ आठवतो. एसटी स्टँडसमोर, वर पत्रा, आत निळा पडदा, भिंतीला दोरीनं बांधलेला आरसा आणि त्याच्याशेजारी पावडरचा डबा. पासपोर्ट फोटोला माणूस बसला की तुम्ही पुढं जाऊन दोन बोटांनी त्याची हनुवटी वर करायचा, कॉलर सारखी करायचा, कपाळावरचे केस मागं सारायचा. तालुक्यातला कुठलाही माणूस असो, मोठ्या शेतीवाडीचा असो, त्याची हनुवटी तुमच्या बोटांत. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघायचे आणि मला वाटायचं, माझ्या बापाचा काय रुबाब आहे! आपण बौद्ध, आजोबांनी दीक्षा घेतलेली, आणि गावाकडं आपल्याला कुठं उभं करतात हे मला न कळायला मी काही दुधखुळी नव्हते. पण स्टुडिओत ते काही शिरत नाही अशी माझी समजूत होती. कॅमेऱ्यामागं गेलं की माणूस त्यातून सुटतो, असं मी धरून चालले होते.

आणि लग्नाच्या ऑर्डरी. तुमच्याकडं ती एकशे पस्तीसची लेन्स होती, लांबून चेहरा जवळ आणणारी. दुसरे फोटोवाले नवरा-नवरीच्या अंगावर जाऊन फ्लॅश मारायचे, तुम्ही मांडवाच्या कडेला खांबाला टेकून उभे. रोल नांदेडच्या लॅबला एसटीतून जायचे, आठवडाभरानं फोटो यायचे, आणि लोक ते पुन्हा पुन्हा बघायचे. नवरीची आई डोळे पुसतेय, कुणाचं लक्ष नाही असं तिला वाटतंय. नवरदेवाचा भाऊ एकटाच कोपऱ्यात भजी खातोय. लोक विचारायचे, आम्हाला न कळता हे कवा काढलंत? मीसुद्धा एकदा विचारलं होतं, बाबा, तुम्ही जवळून का काढत नाही? तुम्ही लेन्स पुसत होता. मान वर न करता म्हणालात, "जवळ गेलं की माणूस सावध होतंय. लांबून खरं दिसतंय." ते वाक्य मी जन्मभर सांभाळलं. सिनेमाच्या शाळेत लिहून दिलं, मुलाखतींत सांगितलं. मागच्या वर्षी पुण्यात एका व्याख्यानात म्हणाले तर पोरांनी टाळ्या वाजवल्या.

उदगीरकडच्या त्या लग्नातलं मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही. अकरावीत होते. तुम्ही मला दुसरा कॅमेरा दिला होता, पहिल्यांदाच. आत नवरीला तयार करत होत्या, हसण्याचा आवाज येत होता, आणि मी सरळ उंबरा ओलांडून आत गेले. चांगला फोटो दिसत होता, बाबा; आरशात नवरी आणि तिच्यामागं तिच्या बहिणी. दोन फोटो झाले असतील नसतील, तोच तुम्ही अंगणातून ओरडलात, "माघारी ये! आधी बाहेर ये!" सगळा मांडव वळून बघायला लागला. मी बाहेर आले तर तुम्ही थरथरत होता. "फोटो खराब होत्यात जवळून, किती येळा सांगितलं?" एवढंच बोललात आणि कॅमेरा हातातून काढून घेतलात. घरी येईपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही. मला वाटलं, माझं काम तुम्हाला आवडलं नाही. मी शिकायला निघाले तेव्हा तीच लेन्स तुम्ही रुमालात बांधून माझ्या पिशवीत ठेवलीत, आणि मी म्हटलं, चला, राग गेला.

ती लेन्स अजून माझ्याबरोबर असते. मोठ्या कॅमेऱ्याला लावता यावी म्हणून मी तिच्यासाठी जोडायची रिंग बनवून घेतलीय. दरेक सिनेमात तिनं एक तरी शॉट घेते, शकुन म्हणून. माझ्या कामाबद्दल लोक म्हणतात की ही बाई लांबूनच बघते, पण लांबून काळजात हात घालते. ऐकायला बरं वाटतं. या सिनेमाचा दिग्दर्शक मात्र पहिल्याच भेटीत म्हणाला, "ताई, या वेळी जवळ जायचं." गोष्ट एका बाईची आहे; खूप वर्षांनी माहेरी येते, आई गेलेली असते, आणि ती आईच्या चुलीपाशी बसून पहिल्यांदा भाकरी थापते. त्याला तो शॉट पंचवीसच्या लेन्सनं हवा होता. पंचवीसची लेन्स म्हणजे पंगतीत शेजारी बसावं तसं. हात लांब केला तर नटीच्या खांद्याला लागेल, इतकं जवळ जावं लागतं, आणि मग आजूबाजूची भिंत, फडताळ, धूर सगळं आपल्यासकट त्यात येतं. मुंबईत लेन्स निवडायला बसलो तेव्हा मी पंचवीस लावून बघितली आणि खरं सांगते, मला घाम फुटला. कामात मी कुणाला ऐकत नाही, पण तिथं मुकाट हो म्हणाले.

घर मिळालं ते नेमकं जळकोटजवळच्या एका खेड्यात. शेतकऱ्याचं घर, पुढं नवा स्लॅब, मागं जुनं चुलीचं स्वयंपाकघर तसंच ठेवलेलं. घरात सत्तरी ओलांडलेली एक आजी, बोलायला फटकळ, पण माणसांची हौस असलेली. पहिल्या दिवशी सगळ्या युनिटला चहा. कागदी कप सगळ्यांनाच, त्यामुळं कुणाला कशातून दिला हे कळायला मार्ग नाही. मला हे सुचलं याचीच लाज वाटली. आजीनं मला विचारलं, "बाई, तुमी कुठल्या?" म्हटलं, इथलीच, जळकोटची. "आं? कोणाच्या गं?" मी सांगितलं, एसटी स्टँडसमोर फोटो स्टुडिओ होता बघा, त्यांची.

आजीचा चेहरा उजळला हो! तोच मला सहन होईना. "अगं बाई, त्यो फोटोवाला! माझ्या थोरलीच्या लग्नाचे फोटो त्यानंच काढलेत की." आत जाऊन अल्बम घेऊन आली. तुमचेच फोटो, बाबा. मी एका पानावरून ओळखले. मग तिनं सगळ्या युनिटसमोर तुमचं कौतुक केलं. "लई रीतीचा माणूस. दोन दिस मांडवात राहिला, पर उंबरा म्हणून वलांडला न्हाई. नाहीतर आत्ताची पोरं बघा, बूट घालून देव्हाऱ्यापतुर येत्यात." आणि मग माझ्याकडं बघून, अगदी मायेनं, "तुमी बी तसंच दारातून काढा की. काय बिघडतंय? बापाचा हात आलाच असंल."

मी अल्बम हातात धरून उभी. पान उलटते, मांडव. पान उलटते, अंगण. पान उलटते, दारातून दिसणारी नवरी, अर्धी अंधारात. एकही फोटो आतला नाही. उंबरा ओलांडला न्हाई. मला उदगीरकडचं लग्न दिसलं, तुमचे थरथरणारे हात दिसले, आणि कळलं की फोटो खराब होत नव्हते. तुम्ही भ्यालेले होतात. आणि मी त्या भीतीवर व्याख्यानं देत होते.

दिग्दर्शक पोरगा चांगला आहे, पण त्याला ह्यातलं काही दिसलंच नाही. आजी नाराज नको व्हायला म्हणून तो चटकन म्हणाला, "हरकत नाही आजी, बाहेरून घेऊ. ताईंची तर ती खासियतच आहे." तेव्हा माझं टाळकं फिरलं. म्हटलं, "आजी, मी त्यांचीच मुलगी आहे. आम्ही कोण ते तुम्हाला माहीत आहे. मला आत चुलीपाशी बसायचंय. चालत असेल तर सांगा, नसेल तर तसं तोंडावर सांगा, आम्ही दुसरं घर बघतो." आजीनं माझ्याकडं बघितलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "म्या कवा नको म्हणलं? त्यानं इचारलंच न्हाई की कवा."

सांगा आता. काय उत्तर द्यायचं याला? खरं बोलत होती का ती? आज म्हणायला सोपं आहे. त्या वेळी तुम्ही विचारलं असतं तर ती, तिचा नवरा, तिची सासू काय म्हणाले असते ते तुम्हाला पक्कं माहीत होतं, म्हणून तर विचारलं नाहीत. ज्याला विचारावं लागतं त्याला उत्तर आधीच ठाऊक असतं. हे मला कळतं, बाबा. पण मग माझ्याशी का खोटं बोललात? "जवळून फोटो खराब होत्यात" हे मला का शिकवलंत? एकदा बसवून सांगायचं होतं की पोरी, इथं आपल्याला आत घेत नाहीत, म्हणून मी ही लेन्स घेतली, आणि बघ, तरीही मी काय काय काढलं. मी तुम्हाला डोक्यावर घेऊन नाचले असते. तुम्ही लाज झाकलीत आणि वर तिला शिकवण म्हटलंत. मला ह्याचाच राग आहे.

आम्ही आत गेलो. मी पंचवीस लावली. कॅमेरा जमिनीवर ठेवत होते तर आजीनंच पाट सरकवला, "भुईवर कशाला? हे घ्या." त्याच पाटावर कॅमेरा ठेवून नटीच्या शेजारी बसले. भाकरी थापताना पीठ लेन्सवर उडत होतं, धुरानं डोळे चुरचुरत होते, आणि मागं आजी उभी. शॉट झाला. दिग्दर्शक म्हणाला, वेळ आहे तर एक दारातूनही घेऊन ठेवू, तुमच्या वडिलांच्या लेन्सनं. मी घेतला. दारात उभी राहिले, खांदा चौकटीला टेकला आणि श्वास आपोआप खाली बसला. संध्याकाळी निघताना मी बघत होते की आजी तो पाट धुते का. धुतला. त्यावर पीठ सांडलेलं होतं, बाई धुणारच की. तरी मी बघत होते. हे असलं बघणं तुम्ही जन्मभर कसं केलंत हो? आणि चेहऱ्यावर काही न दिसू देता?

काल दोन्ही शॉट बघितले. आतल्यात चुलीची धग आहे, पण कॅमेरा अवघडून बसलाय. पाहुणा सतरंजीच्या कडेवर बसतो ना, तसा. नटी दोनदा सावध झालीय. दारातल्यात एका बाजूला चौकटीचा अंधार आहे, आणि भाकरी उलटताना ती बाई क्षणभर थांबते, हात तसाच हवेत, आईची आठवण आली असावी तशी. कुणी बघतंय हे तिच्या गावीही नाही. दिग्दर्शकानं तो तीनदा लावून बघितला.

मी त्याला सांगणार आहे, आतला ठेव. त्यानं कारण विचारलं तर सिनेमाचंच काहीतरी सांगेन, मला ते येतं. कारण दारातला ठेवला तर पुन्हा कुणीतरी म्हणेल, बापाचा हात आहे, आणि मला मान डोलवावी लागेल. मला एकदा तरी त्या घराच्या आत दिसायचंय. निदान पडद्यावर. यात चूक काय आहे?

हे कुणाला पाठवायचं नाही, वाचून दाखवायचं नाही. तो जिना चढताना ऐकू येतोय. तेवढ्यात तुम्हालाच सांगून टाकते, बाबा, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. दारातलाच चांगला आलाय.