हौस म्हणून वाजवते

११ जाने.
जर्मनीहून आनाचं पत्र आलं. तिच्या नाटकमंडळीत वर्षभर बेंजो वाजवायला ये म्हणते. गेल्या वर्षी कशेळ्याजवळच्या फार्महाउसवर लग्नाला आली होती, हळदीत माझ्यासमोर मांडी घालून दोन तास बसली, तीच. व्हिसा फ्रीलान्स कलाकाराचा. कागदांची यादी वाचली आणि डोकंच फिरलं. मागच्या तीन वर्षांत वाजवलं त्याचे करार, नाहीतर बोलावणाऱ्यांची पत्रं. करार कसले? आमच्याकडे लग्नघरचा यजमान विड्याच्या पानावर सुपारी ठेवून हातात देतो, झालं ठरलं.
व्हिसाची अपॉइंटमेंट १२ फेब्रु., मुंबई.

१५ जाने.
ग्रा.पं.त गेले. ‘ही वादक आहे’ असा दाखला द्या, म्हटलं. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, कॉम्प्युटरमध्ये वादक नाही. व्यवसाय टाका म्हटलं, तर दुकानाचं लायसन्स मागितलं. शेवटी प्रिंट हातात ठेवली: ‘सदर महिला गृहिणी असून कोठेही काम करीत नाही.’ वर गोल शिक्का. एकोणीस वर्षं या गावाच्या हळदी मी वाजवल्या. भाऊसाहेबांच्या मुलीचीसुद्धा. तेव्हा काय गृहिणी वाजवत होती?
दाखला फाडणार होते. आईने काढून घेतला, कपाटात ठेवला.

२१ जाने.
हळदीचे व्हिडिओ शोधले, डोळे दुखेपर्यंत. नवरा आहे, नवऱ्याचे मामा आहेत, गॉगल लावून नाचणारे आहेत. मी कुठेच नाही. एका ठिकाणी फक्त माझा डावा हात, बांगडीवरून ओळखला.
शेलूच्या काकांकडे गेले, तिथे दोन हळदी केल्यात. पत्र द्या म्हटलं. “पत्र कशाला गं? तू वाजवतेस ते आख्ख्या शेलूला ठावं हाय.” मग तेवढंच लिहून द्या ना. तर म्हणे, सुपारी आमी सुनीलला दिली, तोच लिवून देईल. दहिवलीतल्या दोघांनीही हेच ऐकवलं. चहा मात्र सगळ्यांनी पाजला.

२२ जाने.
म्हणजे सगळं सुन्यावर आलं. माझा धाकटा भाऊ. वडिलांनी, आप्पांनी, बेंजो मला शिकवला, बेंजो पार्टी त्याच्या नावावर केली. फोन, टेंपो, सुपारी तो बघतो. सूर मी. आजवर त्यात काही वावगं वाटलं नाही, हा माझाच मूर्खपणा.
सु.ला सांगितलं. देतो म्हणाला.

२९ जाने.
आठवडा लावला आणि काय लिहिलं? ‘माझी बहीण वंदना आमच्या पार्टीत हौस म्हणून वाजवते.’
हौस! आप्पांच्या तेराव्यानंतर चौथ्या दिवशी मी हळदीला बसले होते, डोळे पुसत. ती हौस होती? बोटांना घट्टे पडलेत, ते हौसेचे? कागद त्याच्यासमोर टाकला. तो टेंपोची दोरी आवळत राहिला. मग म्हणाला, “तू गेल्यावर माज्या सीझनचं काय, ते सांग.”
निदान हे तरी खरं बोलला. पण कागद खोटा का लिहायचा?

६ फेब्रु.
कशेळ्याला हळद. माझा बेंजो पेटीतच ठेवला, खुर्चीवर बसून राहिले. ढोलकवाला माझ्याकडे बघतोय, सु. माझ्याकडे बघतोय. नवऱ्याची आई आली. “अगं वाजव ना. पोरगा कवाचा बसलाय.” मी म्हटलं, “आज हौस नाय मावशी.” सु.चा चेहरा उतरला. त्याने तिघा बेंजोवाल्यांना फोन लावले. सीझनमध्ये कोण मोकळा असतो? शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाला, ताई, चार लोकांत नको.
त्याच्यासाठी नाही उठले. पाटावर तो पोरगा, अंगावर हळद वाळून पापुद्रे निघायला लागलेले. त्याची काय चूक? पेटी उघडली. वाजवलं, आणि चांगलं वाजवलं, याचाच राग येतोय. पत्र न घेता वाजवलं.

१० फेब्रु.
सु. चार दिवस बोलत नाही. मीही नाही. ‘गृहिणी’ दाखला कपाटात आहे. आनाचं पत्र त्याच्याखाली.

११ फेब्रु., सकाळ
दाराच्या कडीला पिशवी. आत पार्टीचं लेटरहेड. खाली सु.ची सही, शिक्का. वर एक अक्षर नाही.
फोन केला. “काय लिवायचं ते तूच लिव ताई,” म्हणाला आणि ठेवून दिला.
आई म्हणते, मिळालं ना, लिही आणि मोकळी हो. कसं सांगू तिला? मला सही नको होती. मला ते एक वाक्य हवं होतं, त्याच्या हातचं. माझी बहीण वादक आहे. एवढंच. त्याला ते जमलं नाही, म्हणून मला कोरा कागद. आणि सहीतली शेवटची वेलांटी वाकडी गेलीये. तेही दिसतंय मला.
उद्या अपॉ. ‘माझी बहीण’ एवढं लिहून पेन खाली ठेवलंय. पुढचे दोन शब्द मी लिहू, की कागद घेऊन त्याच्या दारात जाऊ? त्याचं घर दोन गल्ल्या सोडून आहे.
चपला घातल्यात.