मिठूची जागा

४ मार्च
मिठूचा फॉर्म भरला. पृथ्वी आणि पर्यावरण विज्ञान, एम.एस्सी. ती फोटो शोधायला आत गेली आणि मी — काय सुचलं कोण जाणे — संगणकावर दुसरी खिडकी उघडून स्वतःचं नाव टाइप केलं! जन्मतारीख टाकताना कानशिलं तापली. तेवढ्यात लेक बाहेर. "काय लपवतेस गं?" म्हटलं, ऑनलाइन पडदे बघत होते.

५ मार्च
उरलेला फॉर्म कामावर, प्रयोगशाळेत, जेवणाच्या सुट्टीत भरला. पाठवूनही टाकला. पोटच्या पोरीशी चोरी!

२१ एप्रिल
संध्याकाळी दोघींचा अभ्यास. म्हणजे तिचा, मी 'शिकवते'. पदवीनंतर इतकी वर्षं इमारतींच्या पायासाठी माती तपासतेय — चाळा, भट्टीत वाळवा, अहवाल लिहा, पुढचा नमुना. ही माती इथे आली कुठून, असं तिथे कुणी विचारत नाही. मिठू विचारते. मग मला पुस्तक उघडावं लागतं. काय छान वाटतं!
"माझ्यासाठी किती मरमर करतेस, आई."
मी घाईघाईने पान उलटलं.

१२ मे
प्रवेशपरीक्षा. सांगू सांगू म्हणत राहूनच गेलं. तिला मैत्रिणीबरोबर पुढे पाठवलं, मागून मी. फाटकातच गाठ! "आई! पेन द्यायला आलीस?" आणि मी — हो म्हणाले. होतं ते एकुलतं एक पेन देऊन टाकलं. गालाचा पापा घेऊन पळाली.
पर्यवेक्षकांकडे पेन मागितलं, वर्गात शिरले, तर ही समोरच्याच बाकावर. आधी हसली. वाटलं असेल, आणखी काही द्यायला आले. मी मागे जाऊन बसले. तिने वळून पाहिलं. हसू तोंडावर तसंच राहिलं, डोळ्यांतलं गेलं.
बसमध्ये शेजारी शेजारी. तिचं तोंड खिडकीकडे. दिवसभर टकळी चालवणारी माझी मिठू! उतरल्यावर एवढंच — "तुला सोपा गेला का पेपर?"
धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

१३ मे
ह्यांना कळलं. आधी हसले. मग, "हौस म्हणून दिलास, ठीक. आता पुरे." मीही म्हटलं, पुरे.

३ जून
मुलाखती. तिची सकाळी, माझी दुपारी. जाणार नव्हते. गेले. तिथल्या बाईंनी विचारलं, "इतक्या उशिरा का?" लेकीच्या अभ्यासाला मदत वगैरे काहीतरी बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "मला हवंय म्हणून."
गुणगुणत घरी आले! दारात मिठू. डोळे सुजलेले. "मला काहीच आठवलं नाही, आई." गुणगुणणं तिने ऐकलं होतं.

१७ जून
यादी लागली. त्यात माझं नाव शेवटचं. मिठू प्रतीक्षा यादीत पहिली.
मी आधी माझं नाव शोधलं. तिचं नंतर. हे कुणाला कधीच सांगणार नाही.

१८ जून
ह्यांनी विषय काढायच्या आत मीच म्हटलं, "मी नाव मागे घेते. जागा हिला मिळेल."
"शहाणी आहेस," हे म्हणाले.
मिठू नखं कुरतडत होती. "तुला खरंच चालेल?"
"अगं, माझं काय आता!"
तिने गळ्यात हात टाकले. परीक्षेनंतर पहिल्यांदा. आणि मला राग आला. तिचा! एकदासुद्धा 'नको' म्हणाली नाही म्हणून. कसली आई मी.

२१ जून
विभागात जाऊन आले. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "प्रवेश घ्यायचाय की सोडायचाय?"
"घ्यायचाय."
मिठूने दार उघडलं. "झालं?"
म्हटलं, "झालं."