चौथ्या पटावर सासूबाई

रविवार, ३ फेब्रुवारी

जिंकल्या! सासूबाई जिंकल्या! एकाहत्तराव्या वर्षी लीगमधला पहिला डाव, आणि समोरची कॉलेजातली मुलगी शेवटी ओठ चावत बसलेली.

बायकांच्या बुद्धिबळ लीगमध्ये आमचा संघ नवखा. पहिल्या पटावर औषधांच्या दुकानातली कॅप्टन, दुसऱ्यावर शिवणक्लासवाली, तिसऱ्यावर तिची भाची, चौथ्यावर आमच्या सासूबाई. शिवाय एक राखीव. नावांचा क्रम एकदा दिला की बदलत नाही म्हणे. सासूबाई म्हणतात, “शेवटचा पट बरा. पंख्याखाली आहे.”

मला घोडा कसा चालतो तेही धड कळत नाही. पण निकाल मीच लिहिते — खर्चाच्या वहीत, मागच्या पानांवर. त्यासाठी वेगळी वही कशाला आणायची!

समोरची हरावी असं काही मला देवाकडे मागवेना. तिच्यासाठीही कोणी हात जोडलेच असतील. “सासूबाईंचं डोकं शांत ठेव,” एवढंच मागितलं.

रविवार, १० फेब्रुवारी

बरोबरी. अर्धा गुण. संघ जिंकला. येताना बसमध्ये सासूबाई सगळा डाव पहिल्यापासून तोंडपाठ म्हणत होत्या, आणि कंडक्टर तिकीट द्यायचं सोडून ऐकत उभा!

मंगळवार, १२ फेब्रुवारी

सासूबाईंनी चहात साखर दोनदा घातली. ह्यांनी तोंड वाकडं केलं, मी डोळे वटारले. दोघांनी गुपचूप प्यायला. साखर वाया गेली याचं मला वाईट वाटलं नाही — दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. परवा त्यांच्या हातून गॅसही तसाच चालू राहिला होता.

रविवार, १७ फेब्रुवारी

हरल्या. कशा, तेही लिहून ठेवते.

या खेळात चाल केली की शेजारच्या घड्याळाचं बटण दाबायचं असतं. तेव्हा आपली वेळ थांबते आणि समोरच्याची सुरू होते. सासूबाईंनी अशी झकास चाल केली की आपला डाव आटोपून आलेल्या शिवणक्लासवालीने माझा हात दाबला. आणि मग सासूबाई बसून राहिल्या. बटण दाबलंच नाही! वेळ त्यांचीच चाललेली. समोरची वाहतूक पोलीस. तिने एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा सासूबाईंकडे, आणि हाताची घडी घातली. तिचं काही चुकलं नाही. आणि बघणाऱ्यांनी तर अक्षरही काढायचं नाही. मी जिभेखाली देवाचं नाव धरून बसले.

वेळ संपली. जिंकलेला डाव गेला.

“घड्याळ बिघडलेलं होतं,” बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या.

“हो ना काकू, बिघडलेलंच,” कॅप्टन म्हणाली. मीही मान हलवली.

सोमवार, १८ फेब्रुवारी

कॅप्टनचा फोन. “वहिनी, रविवारी शेवटची फेरी. हरलो तर खालच्या गटात जाऊ. काकूंना बसवू की राखीव खेळाडूला? तुम्हीच सांगा.”

ह्यांना विचारलं. “आईला ‘तू बसू नकोस’ कोण सांगणार? तूच सांग.” वा! स्वतःच्या आईला सांगायचं तर बायको पुढे!

सांगायला गेले. सासूबाई खिडकीत एकट्याच पट मांडून बसलेल्या. बोटं प्याद्यावर, चेहरा असा उजळलेला की मी दारातूनच परतले. फोन करून म्हटलं, “त्यांनाच बसवा.” चुकले असेन तर देवा, माझ्यावर घाल.

रविवार, २४ फेब्रुवारी

तीन पटांचे डाव संपले. आमचा दीड गुण, त्यांचाही दीड. उरल्या सासूबाई. वरच्या गटात राहायला आम्हाला नुसती बरोबरी पुरे होती.

आणि तेच! चाल केली, बटण विसरल्या. माझ्या घशात खोकला आला — खरा की खोटा, देव जाणे. पदराचा बोळा तोंडात धरला, खोकले नाही. जिंकायचं ते असं नको.

समोर दातांची डॉक्टर, माझ्या भाचीच्या वयाची. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग हळूच बोट दाखवून म्हणाली, “आजी, घड्याळ.”

सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. बटण दाबलं. त्यानंतर असा काही खेळ केला की थोड्याच चालींत त्या पोरीचा वजीर गेला! पुढे आता जिंकणंच. तोच सासूबाईंनी हात पुढे केला — “बरोबरी?”

पोरीने पट पुन्हा एकदा पाहिला. मग दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला.

बाहेर कॅप्टनने कपाळाला हात लावला. “काकू, वजीर जास्त होता तुमच्याकडे!”

“होता की. आपल्याला अर्धा हवा होता, तो मिळाला. उरलेला अर्धा तिचाच. तिने बोट दाखवलं नसतं तर तुला एवढाही मिळाला नसता. आता चहा पाज.”

अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

सोमवार, २५ फेब्रुवारी

दुपारी सासूबाईंनी मला पटासमोर बसवलं. “कॅप्टनला सांगितलंय, पुढच्या यादीत माझं नाव नको, सुनेचं घाल. मला आठवतंय तोवर शिकून घे.”